न बदललेली कूस

मुलुंडच्या ज्या नर्सिंग होममध्ये माझी आई शेवटचे एकवीस दिवस होती, तिथं नीलम आयाचं काम करायची. सगळे तिला मावशी म्हणत. आई अंगानं जड, त्यात कमरेचं हाड मोडलेलं. कुणी नुसता हात लावला तरी ओरडायची. नीलम एक गुडघा गादीवर टेकायची, आईच्या पाठीखाली हात सरकवायची आणि "आजी, आता जरा खिडकीकडं बघू या हां" म्हणत तिला अलगद कुशीवर वळवायची. आईच्या तोंडून हूं की चूं निघायचं नाही. दर दोन तासांनी हे चालायचं. एकवीस दिवस अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या पाठीवर साधा लाल डाग उठला नाही.

दीड वर्षानं ती मला घाटकोपरच्या भाजी मार्केटात भेटली. तिचे वडील वारल्याचं मला कळलं होतं. मी तिचे हात धरले आणि म्हटलं, "वडिलांचंही सगळं तुम्हीच केलंत ना? भाग्यवान हो ते. तुमच्यासारखी मुलगी..."

तिनं हात सोडवून घेतले. "ताई, चहा प्यायला वेळ आहे तुम्हांला?"

समोरच्या हॉटेलात बसून तिनं जे सांगितलं ते पुढं लिहिते आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. नाव बदलू का म्हटलं तर म्हणाली, "नको. नाव बदललं की वाचणाऱ्याला मी परत चांगली वाटेन." आडनाव मात्र मी गाळलं आहे.

तिचे वडील धोंडिराम मूळचे कुडाळकडचे. परळच्या गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होते. संप झाला, गिरणी गेली, आणि ते घाटकोपरच्या डोंगरावर एका खोलीत येऊन राहिले. खाली एका सोसायटीत वॉचमन झाले. दारू आधीपासून होती, आता त्यात संशय मिसळला. बायको, राधा, घरात बसून साड्यांना फॉल लावायची. ती कुणाशी बोलते, कुणाकडं बघते, हे त्यांच्या डोक्यात घोळत राहायचं. शेवटी त्यांनी एक पितळी कुलूप आणलं. ड्यूटीला जाताना बाहेरून लावायचे आणि किल्ली खिशात. नीलम शाळेतून आली की बाप येईपर्यंत शेजारच्या जयंतीताईंच्या उंबऱ्यावर बसायची. आई खिडकीच्या गजातून तिच्या हातात पोळीचा रोल द्यायची.

"आम्हांला त्याची सवय झाली होती," नीलम म्हणाली. "वस्तीतल्या लोकांनाही. आमच्या घराला कुलूप असतं म्हणजे आई घरात आहे, असं समजायचे."

नीलम एकोणीस वर्षांची असताना, मे महिन्यातल्या एका दुपारी, राधाच्या छातीत कळ आली. ती दार वाजवायला लागली. जयंतीताई धावत आल्या, पण कुलूप त्यांच्यानं तुटेना. वस्तीतले पुरुष कामावर. त्या डोंगर उतरून खाली सोसायटीत गेल्या, तर गेटवर धोंडिराम नाहीत. गुत्त्यावर शोधायला माणूस पाठवला. या सगळ्यात एक तास गेला. शेवटी कुणीतरी वरवंट्यानं कुलूप फोडलं. राधा दाराशीच पडलेली होती, एक हात दाराच्या फळीवर.

नीलम आणि तिचा बाप जवळजवळ एकाच वेळी पोचले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "कुलूप कोणी तोडलां?"

पोलिसांनी नैसर्गिक मृत्यू लिहिला. तो तसा होताही.

नीलम त्याच घरात राहिली. जाणार कुठं? स्थळं आली, ती बापाची चौकशी करून परत गेली. विसाव्या वर्षी ती मुलुंडला आया म्हणून लागली. मोठ्या नर्सबाई संघमित्रा, वयानं तिच्याहून थोड्याच मोठ्या. त्यांनी तिला हाताला धरून शिकवलं. चादर न हलवता कशी बदलायची, तोंड कसं पुसायचं, टाच गादीला घासू नये म्हणून खाली काय ठेवायचं. "माणूस बोलत नसला तरी त्याची कातडी बोलते, ती ऐकायची," असं संघमित्रा म्हणायच्या. नीलमचा हात त्या कामात बसला तो कायमचा.

घरी ती बापाशी गरजेपुरतं बोलायची. भाकरी वाढायची. ते पिऊन पडले तर ओलांडून जायची.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मग धोंडिरामांचं लिव्हर बिघडलं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. तोपर्यंत जयंतीताई पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये भरणाऱ्या प्रार्थनाघरात जाऊ लागल्या होत्या. तिथले पास्टर राजेश पूर्वी कुरियरची पार्सलं वाटायचे. तेच दोन माणसांच्या मदतीनं धोंडिरामांना खुर्चीत बसवून डोंगर उतरवून प्रार्थनाघरात नेऊ लागले. काय झालं कोण जाणे, माणसानं दारू सोडली. एकदा सुटली ती सुटलीच.

एका रविवारी धोंडिराम सगळ्या मंडळीसमोर उभे राहिले. "मी माझ्या बायलेक, राधेक, कोंडून मारलंय," ते म्हणाले. "ती दार वाजवत होती आणि मी पीत होतो." आणि लहान मुलासारखे रडले. माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली, खांद्यावर हात ठेवले, मोठ्यानं प्रार्थना केली. महिन्याभरानं मिनीबस करून सगळे गोराईला गेले. कमरेएवढ्या पाण्यात पास्टर राजेशनी त्यांना मागं वाकवून बुडवलं आणि वर काढलं. किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या. नीलम वाळूत त्यांचे कोरडे कपडे धरून उभी होती.

"पास्टर म्हणाले, धोंडिरामदादा, जुना माणूस गेला, आता ते पाप उरलं नाही. मला वाटलं, हे बरं आहे! माझी आई गेली, तिला मारणारा माणूसही गेला, मग आता मी भांडू कुणाशी? आणि आईला विचारलं का कुणी? ह्यांनी माफ केलं, देवानं माफ केलं, हिशेब बंद. मधल्यामध्ये आम्ही कोण?"

हे ती तेव्हा कुणाला बोलली नाही. चारेक दिवसांनी बाप घरात तिच्यासमोर येऊन बसला. "नीलू, तुझ्या आवशीचां..." आईबद्दल एवढं म्हणून थांबला. शब्द जुळवत होता. ती उठली, हंडा घेतला. "तुमच्या देवाला सांगितलंत ना? मग झालं," म्हणाली आणि नळावर गेली. त्यांनी नंतर दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती घरातून बाहेर पडली.

पुढं तीही बाप्तिस्मा घेऊन मोकळी झाली. रविवारी घरी बसून काय करायचं, आणि तिथल्या बायका जीव लावायच्या, हे तिचं कारण. बाप्तिस्म्याआधीच्या वर्गात पास्टर विचारायचे, आपलं पाप ओळखलंत का? तिनं खूप आठवून पाहिलं. कधी बसचं तिकीट काढलं नव्हतं. संघमित्राताईंच्या नव्या घराचा थोडा हेवा वाटला होता. "मी पापी आहे, असं म्हणाले मी. फॉर्मवर सही करतात तसं. खरं सांगू का ताई, मनात म्हणत होते, मी कसली पापी? पापी तो तिकडं पहिल्या ओळीत बसलाय."

दोन हजार एकवीसच्या ऑगस्टमध्ये धोंडिरामांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द तोंडात उरला, तोही गावाकडचा: "रवांदे." म्हणजे राहू दे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो, त्याला काही अर्थ नसतो. चहा हवा का? रवांदे. दुखतंय का? रवांदे. पास्टर प्रार्थनेला आले तरी रवांदे.

नीलम सगळं करू लागली. दुपारी ती कामावर असताना जयंतीताई येऊन चार चमचे पेज भरवून जायच्या. बाकी सगळं नीलमच्या हातात.

पहिले काही महिने तिनं नीट केलं. एक दिवस ती सलग ड्यूटी करून संध्याकाळी घरी आली. बापानं अंथरूण ओलं केलेलं. ती चादर काढायला वाकली आणि तिच्या मनात आलं, आईनं किती वेळ दार वाजवलं? एक तास. ती खुर्चीत बसली. भिंतीवरचं घड्याळ समोर होतं. सव्वासात वाजले होते. सव्वाआठला ती उठली आणि चादर बदलली.

"त्या तासभरात आप्पा माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं. मला राग नव्हता आला. थंड वाटत होतं. न्याय केल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी परत एक तास. मग ते रोजचं झालं. आणि एक दिवस तिनं कूस बदलणं सोडलं. तिला माहीत होतं काय होणार ते. बावीस वर्षं तिनं तेच होऊ दिलं नव्हतं. माकडहाडावर आधी लाली येते, मग कातडी सोलवटते, मग आतलं मांस काळं पडतं. ते तिनं दिवसागणिक पाहिलं. रविवारी सकाळी ती त्यांना स्वच्छ करायची, जखमेवर पट्टी लावायची, पावडर टाकायची, धुतलेला सदरा घालायची. प्रार्थना झाल्यावर पास्टर भेटायला यायचे. त्यांना पावडरचाच वास यायचा. सोमवारी ती मुलुंडला येऊन माझ्या आईसारख्या बायकांना दर दोन तासांनी वळवायची.

चहाच्या टेबलावर मी महिने मोजले. ते तेच महिने होते.

त्या वर्षीच्या महिला रविवारी, म्हणजे बायकांच्या सन्मानाच्या दिवशी, मंडळीनं नीलमला शाल दिली. मुलीनं बापाची सेवा कशी करावी याचं हे चालतंबोलतं उदाहरण, असं पास्टर राजेश म्हणाले. तिनं शाल घेतली. घरी येऊन ती बापाच्या पायांवर पांघरली. धोंडिरामांनी चांगला असलेला डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. "मी हात झटकला," नीलम म्हणाली. "मला वाटलं, हा आता मला आशीर्वाद देणार? ह्याचा काय अधिकार?"

जानेवारीत संघमित्रा आपल्या मुलीच्या, प्रांजलच्या, लग्नाची पत्रिका घेऊन अचानक घरी आल्या. नीलम चहा ठेवायला वळली. संघमित्रांचा नर्सचा जीव. त्यांनी म्हाताऱ्याचं पांघरूण नीट करायला म्हणून वर केलं, आणि मग हळूच त्यांना कुशीवर केलं. पट्टी काढली.

जखमेच्या कडा बोटांनी चाचपल्या. मग म्हणाल्या, "नीलम, हाड दिसतंय."

"हो."

"हे चार-आठ दिवसांचं नाही."

"नाही."

"तू होतीस ना घरी? तुला माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस. सांगशील तर मी इथंच तुझ्या थोबाडीत मारीन."

 नीलमनं आईचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं, गोराईचं सांगितलं. संघमित्रांनी सगळं ऐकून घेतलं. तोवर हातानं जखम साफ करत होत्या.

"रागाच्या भरात दोन थपडा मारल्या असत्यास तर मी समजले असते," त्या म्हणाल्या. "हे तू शिकून केलंस. मी शिकवलेलं वापरून केलंस." पत्रिका टेबलावर ठेवून त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

महापालिकेच्या हॉस्पिटलात धोंडिराम नऊ दिवस होते. जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. नीलमनं रजा टाकली आणि त्यांच्या कॉटपाशी बसून राहिली. आता ती दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत होती. वॉर्डातल्या नर्स आपसात म्हणायच्या, किती करते बघा पोरगी. शेजारच्या कॉटवरचा माणूस आपल्या मुलाला तिचं उदाहरण द्यायचा.

तिसऱ्या दिवशी वॉर्ड पुसायला आलेल्या बाईला ओलांडताना तिनं कॉटचा दांडा धरला. तिला दिसलं की हे हात तिचेच आहेत. जे एका माणसाला फुलासारखं उचलतात आणि दुसऱ्याला कुजू देतात. ते करणारी कुणी वेगळी बाई नव्हती, दारू नव्हती, नशा नव्हती. पूर्ण शुद्धीत, घड्याळ लावून केलं होतं. बापानं जे केलं ते पिऊन, संशयानं वेडं होऊन केलं होतं. "मी त्यांच्यापेक्षा वाईट निघाले, ताई. आणि तोपर्यंत मला वाटत होतं, देवानं पापी लोकांसाठी मरायचं ठरवलं ते माझ्या बापासारख्यांसाठी. मी तिथं आपली पाहुणी म्हणून जात होते."

पाचव्या दिवशी दुपारी वॉर्ड जरा शांत असताना ती त्यांच्या कानाशी वाकली. "आप्पा, मी मुद्दाम केलं. तुम्हांला कळत होतं ना?"

त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं.

"आप्पा, मला माफ करा."

"रवांदे," ते म्हणाले.

थोड्या वेळानं नर्स सलाइन बदलायला आली आणि आजोबा दुखतंय का म्हणाली. तिलाही ते म्हणाले, "रवांदे."

चार दिवसांनी ते गेले. तो शब्द कुणासाठी होता, होता की नव्हता, हे कळायचा आता काही मार्ग नाही. ते बोलू शकत होते तेव्हा ती तीनदा उठून गेली होती.

दफन झाल्यावर आठवड्यानं ती पास्टर राजेशकडं गेली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते आधी म्हणाले, "तू थकली आहेस नीलम, दु:खात माणूस स्वतःला दोष देतो." तिनं पुन्हा सांगितलं, तारखांसकट.  तेव्हा त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि म्हणाले, "प्रभूची कृपा आहे. त्यानं तुला क्षमा केली आहे. आता मागं बघू नको. आणि हे मंडळीत बोलायची गरज नाही, लोक दुबळे असतात, त्यांच्या विश्वासाला ठेच लागेल."

"आप्पांना तुम्ही बोलू दिलं होतं," नीलम म्हणाली.

"त्यांची गोष्ट वेगळी होती."

"वेगळी कशी? ते दारुडे होते म्हणून? आणि मला तुम्ही शाल दिली म्हणून?"

पास्टर उठून तिला दारापर्यंत सोडायला आले. माणूस वाईट नव्हता, असं ती आजही म्हणते.

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे आपापला अनुभव सांगायच्या वेळी, ती न विचारता उभी राहिली आणि बोलली. वडिलांसारखं रडू तिला आलं नाही. कोरड्या आवाजात बोलली: इतके महिने, इतके तास, जखम एवढी. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी जवळ आलं नाही. काही बायकांनी मान खाली घातली. प्रार्थना सुरू झाली, गाणं झालं. बाहेर आल्यावर लोक एकमेकांत म्हणाले, बिचारी, बापाच्या जाण्यानं डोक्यावर परिणाम झालाय. त्यांना तिचं पाप नको होतं. मंडळीतलं एक चांगलं उदाहरण त्यांच्या हातून चाललं होतं.

मुलुंडला तिनं नोकरी सोडायची तयारी केली होती. संघमित्रांनी तक्रार केली नाही, त्यामुळं ती टिकली. डबा मात्र तेव्हापासून त्या वेगळा खातात. एकदाच बोलल्या: "आम्हा बौद्धांत असं कुणी वरून येऊन पुसून टाकत नाही गं. केलं ते आपल्याबरोबर चालतं. तुमच्यात पुसतात म्हणे. पुसलं का?"

"माहीत नाही," नीलम म्हणाली.

सहा महिने तिनं प्रभुभोजनाची भाकर, येशूनं क्षमा केली याची खूण म्हणून मंडळीत वाटतात ती, घेतली नाही. ताट आलं की पुढच्या बाईकडं सरकवायची. मग एका रविवारी घेतली. काय झालं त्या दिवशी, मी विचारलं. काही झालं नाही, म्हणाली. गेली इतकी वर्षं जे बापाला फुकट मिळालं म्हणून ती जळत होती, तेच फुकटचं घेण्याशिवाय तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. आईची मुलगी म्हणून, सेवा करणारी म्हणून, कसलाच हक्क सांगता येत नव्हता. त्याच ताटातला तुकडा, त्याच रांगेत. तोंडात टाकला तर घशाखाली उतरेना. शेजारणीनं पाणी दिलं. शांती वगैरे काही वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की आप्पांनाही हा पहिला तुकडा असाच लागला असेल, आणि त्यांचा बाप्तिस्मा होताना आपण वाळूत उभं राहून दात खात होतो.

मागच्या वर्षी पास्टरांनी तिला वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडं जायला सांगितलं. आठवड्यातून एकदा, तिच्याएवढं ते काम कुणाला येतं?

"जाईन," ती म्हणाली. "पण मला एकटीला पाठवू नका. कुणीतरी बरोबर द्या, आणि मी काय करते ते बघायला सांगा."

"अगं, आमचा विश्वास आहे तुझ्यावर."

"माझा नाहीये."

तेव्हापासून दर गुरुवारी जयंतीताई तिच्याबरोबर जातात. गुडघे दुखतात, पण येतात. डोंगराच्या पायऱ्या चढताना त्या अखंड बोलत असतात. मध्येच म्हणतात, काही म्हण नीलम, धोंडिरामाचं शेवटी सोनं झालं, तुझ्यासारखी पोर पोटी आली.

"जयंतीताई, मी तुम्हांला सांगितलंय ना सगळं."

"हो गं. पण असं बोलू नये माणसानं स्वतःबद्दल."

 नीलम पुढची पायरी चढते.